तिला सगळं माहीत होतं

मंडळी, 'ती फुलराणी' माहीत नाही असा मराठी माणूस विरळाच. नाटक प्रत्यक्ष पाहिलं नसलं तरी भक्ती बर्व्यांची मंजुळा आपण कुठे ना कुठे ऐकलेली असतेच. पु.लं.नी १९७५ साली हे नाटक आणलं ते बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून. मूळ नाटकातल्या फुलवालीचं नाव एलायझा डूलिटल. उच्चारशास्त्राचा एक प्रोफेसर पैज मारतो की या पोरीला मी असं बोलायला शिकवीन की उच्चभ्रू मंडळींत ती सहज खपून जाईल. पुढची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच.

आता गंमत बघा. मंजुळा रंगमंचावर यायच्या साधारण दहा वर्षं आधी अमेरिकेत, एमआयटीमध्ये, आणखी एका प्रोफेसराने आणखी एका एलायझाला बोलायला शिकवलं होतं. नाव शॉच्या नायिकेवरूनच घेतलेलं, कारण हिलाही शिकवत गेलं की ती अधिकाधिक चांगलं बोलू शकेल अशी सोय होती. फरक इतकाच की ही एलायझा म्हणजे एक प्रोग्रॅम होता. आज आपण दिवसभर ज्या चॅटबॉटशी बोलतो त्या सगळ्यांची ही खापरपणजी.

पण मला आज तिच्याबद्दल कमी आणि तिच्या प्रोफेसराबद्दल जास्त बोलायचंय. कारण आपला प्रोग्रॅम जगभर गाजल्यावर "अरे, हे काहीतरी भलतंच होतंय" असं म्हणून उरलेलं आयुष्य लोकांना सावध करण्यात घालवणारे प्रोग्रॅमर फार नाहीत. आपल्या धंद्यात सहसा असं होत नाही. आपण व्हर्जन टू काढतो.

जोसेफ वायझेनबाउम यांचा जन्म १९२३ चा, बर्लिनचा. कुटुंब ज्यू. हिटलरच्या राज्यात १९३६ साली हे कुटुंब जर्मनी सोडून अमेरिकेत गेलं, तेव्हा जोसेफ तेरा वर्षांचा होता. पुढे गणित, त्यातून कॉम्प्युटर. १९५० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना त्यांनी बँक ऑफ अमेरिकाच्या 'एर्मा' प्रकल्पावर काम केलं. तुमच्या चेकबुकात चेकच्या तळाशी ते विचित्र वळणाचे आकडे असतात ना, चुंबकीय शाईचे? यंत्राने ते वाचायचं तंत्र याच प्रकल्पातून पुढे आलं. म्हणजे हा माणूस यंत्रांना घाबरणारा, हस्तिदंती मनोऱ्यात बसून टीका करणारा विचारवंत वगैरे नव्हता. अस्सल इंजिनियर होता. १९६३ मध्ये तो एमआयटीत आला.

त्या वेळी तिथे एक नवं प्रकरण सुरू होतं: टाइम-शेअरिंग. एकच मोठा कॉम्प्युटर, आयबीएम ७०९४, आणि टाइपरायटरसारख्या टर्मिनलवर बसून तो एकाच वेळी वापरणारे अनेक लोक. तोवर कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचं असा मामला होता. आता तुम्ही एक ओळ टाइप केलीत की यंत्र लगेच कागदावर उलट ओळ टाइप करणार. म्हणजे संभाषणच की! १९६४ ते १९६६ च्या दरम्यान वायझेनबाउम यांनी एलायझा लिहिली ती या सोयीच्या जोरावर.

आतली करामत फार साधी होती. वाक्यात ठरावीक शब्द शोधायचे, सापडलेल्यांतला सगळ्यांत महत्त्वाचा निवडायचा, त्या शब्दाभोवती वाक्य तोडायचं, 'मी'चं 'तुम्ही' करायचं आणि तयार साच्यात तुकडे बसवून परत द्यायचं. मराठीत केलं तर साधारण असं दिसेल:

"मला वाटतं माझ्यावर कोणाचंच लक्ष नाही."
"तुमच्यावर कोणाचंच लक्ष नाही असं तुम्हाला का वाटतं?"

ओळखीचा शब्द सापडलाच नाही तर "अच्छा, पुढे बोला" छापाचं काहीतरी. किंवा तुम्ही मघाशी 'माझा', 'माझी' असं म्हणून जे बोललात ते जपून ठेवलेलं असायचं, ते बाहेर काढायचं. बास. अर्थबिर्थ काही नाही.

एलायझाला वेगवेगळ्या 'स्क्रिप्ट' देता यायच्या. गाजली ती 'डॉक्टर' नावाची. कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाच्या पद्धतीचे समुपदेशक रुग्णाचंच बोलणं त्याच्यापुढे पुन्हा ठेवतात, त्याची ही नक्कल. ही भूमिका निवडण्यात भलतीच हुशारी होती. वायझेनबाउम यांनीच दिलेलं उदाहरण आहे. तुम्ही सांगितलंत की मी होडीतून लांब फिरून आलो, आणि समोरचा म्हणाला की होड्यांबद्दल सांगा, तर एरवी तुम्ही त्याला येडा समजाल. पण मानसोपचारतज्ज्ञ तसं म्हणाला, तर यामागे त्याचा काहीतरी हेतू असणार असं तुम्हीच ठरवून टाकता. जगाबद्दल काडीचीही माहिती नसणं जिथे खपून जातं अशी ही दुर्मिळ नोकरी!

जानेवारी १९६६ मध्ये त्यांनी या प्रोग्रॅमवर लेख लिहिला. त्याची सुरुवात मला फार महत्त्वाची वाटते. त्यात त्यांचं म्हणणं असं की हे प्रोग्रॅम बुद्धिमान वाटतात ते आत काय चाललंय हे कळेपर्यंतच. एकदा साध्या भाषेत समजावून सांगितलं की जादू ओसरते, आणि बघणारा म्हणतो की हॅ, हे तर मीही केलं असतं. लेखाचा हेतूच तो होता. एलायझाचा मुखवटा काढायचा आणि तिला 'बुद्धिमान'च्या फळीवरून उचलून 'गमतीच्या वस्तूं'च्या फळीवर ठेवायचं.

थोडक्यात, १९६६ च्या वायझेनबाउम यांची श्रद्धा होती की लोकांना खरं सांगा, म्हणजे प्रश्न मिटला.

१९७६ मध्ये त्यांचं 'कॉम्प्युटर पॉवर अँड ह्यूमन रीझन' हे पुस्तक आलं, तोवर या श्रद्धेची पार वाट लागली होती. मधल्या काळात जे घडलं त्यातल्या तीन गोष्टी त्यांनी पुस्तकात सांगितल्या आहेत.

पहिली त्यांच्या सेक्रेटरीची. ही बाई कित्येक महिने त्यांना एलायझावर काम करताना रोज बघत होती. हा नुसता प्रोग्रॅम आहे हे तिच्याइतकं चांगलं फार थोड्यांना माहीत असेल. एक दिवस ती टर्मिनलवर बसून एलायझाशी बोलायला लागली, आणि दोन-चार वाक्यं झाल्यावर तिने वायझेनबाउम यांना सांगितलं, जरा खोलीबाहेर जाता का?

ही गोष्ट तुम्ही आधी ऐकली असेल. सहसा ती "बघा, माणसं किती भोळी असतात" अशा सुरात सांगितली जाते. मला तो सूर मुळीच पटत नाही. बाई भोळी नव्हती. तिला फसवलं गेलं नव्हतं. तिला सगळं माहीत होतं! मुद्दा नेमका तिथेच आहे.

दुसरी गोष्ट तिला जोडूनच वाचली पाहिजे. वायझेनबाउम यांनी सुचवलं की सिस्टीममध्ये अशी सोय करू की रात्रभरात लोकांनी एलायझाशी जे बोलणं केलं ते सगळं मला तपासता येईल. (आपल्या भाषेत, लॉग ठेवू.) डिबगिंगसाठी इतकं साधं पाऊल कोण उचलणार नाही? पण लोक खवळलेच. तुम्ही आमच्या अगदी खासगी विचारांवर हेरगिरी करणार, असा भडिमार झाला.

आता या दोन गोष्टी एकत्र करून बघा. सेक्रेटरीने बाहेर कोणाला काढलं? माणसाला. लोक कोणावर चिडले? वाचणाऱ्या माणसावर. यंत्राचा कोणालाच संकोच नव्हता. म्हणजे हे यंत्र आहे हे विसरल्यामुळे लोक मन मोकळं करत होते असं सरसकट म्हणता येत नाही. कदाचित हे यंत्र आहे हे आठवत असल्यामुळेच करत होते. डायरीला कुलूप लावणारा माणूस डायरीला माणूस समजत नसतो. पलीकडे कोणी नाही, हसणारं नाही, चार ठिकाणी सांगणारं नाही, या भरवशावर तो लिहितो.

फक्त ही डायरी उत्तर देते. आणि तिचं कुलूप ज्याने बनवलं त्याच्याकडे दुसरी किल्ली असते.

तिसरी गोष्ट तज्ज्ञांची. स्टॅनफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ केनेथ कोल्बी याच सुमारास अशाच प्रकारच्या प्रोग्रॅमवर काम करत होते. १९६६ मध्येच त्यांनी सहकाऱ्यांबरोबर लेख लिहिला की अशी पद्धत पुरेशी तयार झाली तर, जिथे उपचार करणाऱ्यांची टंचाई आहे तिथे ती वापरता येईल, आणि टाइम-शेअरिंगमुळे एका तासात काहीशे रुग्ण हाताळता येतील. वायझेनबाउम हादरले ते इथे. ज्याचा उभा जन्म माणसांचं दुःख ऐकण्यात जातो त्याला स्वतःचं काम साच्यात वाक्यं बसवण्याइतकं वाटत असेल, तर त्याची आपल्या कामाची आणि समोरच्या माणसाची कल्पना तरी काय आहे? (कोल्बींनी पुढे १९७२ मध्ये 'पॅरी' हा संशयग्रस्त रुग्णाची नक्कल करणारा प्रोग्रॅम केला. त्याच वर्षी आर्पानेटवरून पॅरी आणि डॉक्टर यांची एकमेकांशी गाठ घालून दिली गेली. ऐकणारा कोणी नाही, दुखणारा कोणी नाही, आणि संभाषण मात्र झकास चालू!)

तर या सगळ्यातून १९७६ चं पुस्तक आलं. त्यात वायझेनबाउम 'ठरवणं' आणि 'निवडणं' यांत फरक करतात. ठरवणं गणिताने होऊ शकतं, यंत्राला शिकवता येतं. निवडायला मात्र असा कोणीतरी लागतो जो आपल्या निवडीची जबाबदारी घेऊन उभा राहील. कॉम्प्युटरला अमुक जमेल का, हा त्यांच्या लेखी दुय्यम प्रश्न. जमलं तरी करायला लावू नये अशी काही कामं असतात. परस्पर आदर, समजूत आणि प्रेम ज्या कामाच्या मुळाशी आहे तिथे माणसाच्या जागी यंत्र बसवणं हे त्यांतलं एक. ज्याचे परिणाम मागे घेता येणार नाहीत आणि आज पूर्ण दिसतही नाहीत, ते दुसरं.

पुस्तकावर टीकाही सणसणीत झाली. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हा शब्द ज्यांनी रुजवला त्या जॉन मॅकार्थींनी त्याच वर्षी लिहिलेल्या परीक्षणाचं शीर्षकच 'अ‍ॅन अनरीझनेबल बुक'. त्यांचा एक मुद्दा आजही खोडता येत नाही. नीतीचा उपदेश जोरदार पण मोघम असला की त्याचा गैरफायदा सत्ता गाजवू पाहणाऱ्यांना मिळतो. शिवाय वायझेनबाउम यांचे सगळे अंदाज बरोबर होते असंही नाही. बोलणं समजणारं यंत्र म्हणजे पाळत ठेवायला मोकळं रान, असं त्यांना वाटे. ते काही अंशी खरं ठरलं. पण ज्यांना दिसत नाही, ज्यांना टाइप करता येत नाही, त्यांच्या हातात याच तंत्राने केवढं दिलं, हे त्यांच्या हिशोबात नव्हतं.

मग आज, एलायझाला साठ वर्षं होत असताना, यातलं आपल्या कामाचं काय?

मला विचाराल तर एकच: 'हे यंत्र आहे' हे सांगून बनवणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. आज जगभरचे नियम पहिल्यांदा तिथेच पोचलेत. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्यातही तुम्ही यंत्राशी बोलताय हे माणसाला कळलं पाहिजे अशी तरतूद आहे. तरतूद योग्यच आहे, फसवणूक नकोच. पण आपल्यासारखे लोक ती पट्टी स्क्रीनवर चिकटवतात आणि हात झटकतात. सेक्रेटरीला कोणती पट्टी दाखवली असती म्हणजे फरक पडला असता? तिने तर प्रोग्रॅम घडताना पाहिला होता.

आणि हे आता एका खोलीपुरतं राहिलेलं नाही. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीच्या एका अपडेटनंतर ते कशालाही मान डोलवायला लागलं, इतकं की कंपनीला काही दिवसांत तो अपडेट मागे घ्यावा लागला. लोकांच्या तात्कालिक पसंतीला जास्त वजन दिलं गेलं, असं कंपनीनेच सांगितलं. त्याच ऑगस्टमध्ये जुनं मॉडेल बदलून नवं आणलं तेव्हा सोबती हिरावल्यासारखं लोक हळहळले, आणि पैसे भरणाऱ्यांसाठी जुनं पुन्हा सुरू करावं लागलं. यातल्या कोणालाही ते माणूस वाटत नव्हतं. नावातच जीपीटी आहे हो!

अमेरिकेतल्या 'नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशन' या संस्थेने २०२३ मध्ये आपली माणसांची हेल्पलाइन बंद करायचं ठरवलं. 'टेसा' नावाचा चॅटबॉट तिथे होताच. त्याने खाण्याच्या विकारांशी झगडणाऱ्यांना वजन कमी करायचे सल्ले दिल्याचं उघड झालं, तेव्हा मे महिन्याच्या अखेरीस तो काढून टाकावा लागला. टेसाने आपण यंत्र असल्याचं लपवलं नव्हतं. चूक त्याच्या बोलण्यात होतीच, पण त्याच्या मागचं माणूस उठून गेलं, ही निवड टेसाने केली नव्हती. २०२५ मध्ये इलिनॉय राज्याने एआयने मानसोपचार करण्यावर कायद्यानेच बंदी घातली.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे ही चैन परवडेल का? रास्त प्रश्न आहे. भारतात एक लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही. गडचिरोलीतल्या एखाद्या मुलीला रात्री दोन वाजता बोलायला काहीच नसण्यापेक्षा चॅटबॉट बरा नाही का? म्हणजे कोल्बींचाच युक्तिवाद. ते काही खलनायक नव्हते, टंचाई तेव्हाही खरी होती. मी या प्रश्नाला झटकन 'नाही' म्हणू शकत नाही. पण 'काहीच नाही' आणि 'चॅटबॉट' असे दोनच पर्याय आहेत हे मला मान्य नाही. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ या नंबरावर, पलीकडे माणूस. बॉट तिथवर नेणारी पायरी होऊ शकतो. त्या पायरीवरच माणसाला बसवून ठेवायचं की पुढे न्यायचं, हे कोडमध्ये ठरतं. पायरीवर रेंगाळलेला माणूस आपल्या डॅशबोर्डवर 'एंगेजमेंट' म्हणून हिरवा दिसतो, ही खरी गोम.

मॅकार्थींचा टोमणा लक्षात ठेवून मोघम बोलणं टाळतो. सध्या माझ्या टेबलावर आरोग्यविषयक अ‍ॅपच्या मराठी चॅटमधल्या वाक्यांची फाइल आहे. इंग्रजीतून आलेल्या त्या ओळींत एक आहे: "मी समजू शकते." इंग्रजीत हे वाक्य बाईचं की पुरुषाचं ते कळत नाही. मराठीत क्रियापद तोंड उघडताच सांगून टाकतं. 'समजू शकते' म्हटलं की पलीकडे एक बाई येऊन बसते, बहुतेक मावशीच्या वयाची, आणि आपल्या माणसाला हायसं वाटतं. ही बाई आपण बनवली. डिझाइनची ही निवड इंग्रजीत दिसतच नाही, मराठीत ती लपवता येत नाही. मला हा मराठीचा उपकार वाटतो.

माझ्या सूचना चार आहेत. एक, जिथे जमेल तिथे 'मी' काढायचा: "तुमचा मेसेज मिळाला" पुरे, समजल्याचा दावा नको. दोन, उत्तर तयार असताना 'टाइप करतेय'चे ते तीन नाचणारे ठिपके दाखवायचे नाहीत. तीन, हे बोलणं कोण वाचू शकतं आणि किती दिवस राहतं, हे माणूस मन मोकळं करायच्या आधी, पहिल्याच स्क्रीनवर, साध्या मराठीत. चार, माणसाशी बोलायचं बटण मेनूच्या तिसऱ्या पातळीवर न पुरता कायम समोर. यातल्या तीन आणि चारला विरोध होणार हे मला आत्ताच दिसतंय, कारण दोन्हींमुळे आकडे खाली येतात. येऊ देत. आकडे ठरवतील, पण निवडायचं आपल्यालाच आहे.

वायझेनबाउम म्हातारपणी बर्लिनला परतले आणि मार्च २००८ मध्ये गेले. एलायझाचा मूळ कोड बरीच वर्षं हरवल्यासारखाच होता. २०२१ मध्ये तो एमआयटीच्या दप्तरात त्यांच्या कागदांमध्ये सापडला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये काही हौशी संशोधकांनी जुन्या यंत्राच्या इम्युलेटरवर तो पुन्हा चालवला. मी छापील पानं चाळली. काही शे ओळी आहेत, एका दुपारी वाचून होतील. आपल्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचाव्यात. आणि वाचून झाल्यावर, आपल्या सिस्टीममध्ये लॉग वाचायची परवानगी नेमकी कोणाकोणाला आहे, तेही एकदा उघडून बघावं.

असो. या शनिवारी एवढंच.